तटस्थ राहिलेले आठ जण कोरममध्ये धरायचे की नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रोडवरची ४२ सभासदांची सोसायटी. दोन्ही लिफ्ट बदलायच्या आणि त्यासाठी फ्लॅटमागे ६० हजार रुपये काढायचे, या एकाच विषयावर विशेष सर्वसाधारण सभा झाली. हजर २३. हात वर करून मतदान घेतलं. बाजूने ९, विरोधात ६, आणि ८ जण "आम्ही तटस्थ" म्हणून बसून राहिले. विरोधकांचं म्हणणं असं की मत फक्त १५ जणांनी दिलं, कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) २० चा आहे, म्हणजे सभाच बेकायदा. चेअरमनसाहेबांचं म्हणणं असं की जे बोलले नाहीत त्यांची मूकसंमती, म्हणून ठराव १७ विरुद्ध ६ ने मंजूर. सेक्रेटरींनी इतिवृत्ताच्या मसुद्यात तसंच लिहूनही टाकलंय. प्रश्नकर्ते स्वतः त्या आठांपैकी, पहिल्या मजल्यावर राहणारे. त्यांना विचारायचंय, "आमच्या गप्प बसण्याने नक्की काय झालं?"

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या नोटिसा, इतिवृत्तं आणि त्यावरून होणारी भांडणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. विरोधकही चुकलेत आणि चेअरमनही. पण ठराव पास झाला की नाही याचं उत्तर मात्र तुमच्या कपाटातले दोन-तीन कागद पाहिल्याशिवाय कुणीच देऊ शकणार नाही.

आधी कोरम. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमावलीप्रमाणे) सर्वसाधारण सभेचा कोरम म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यात जो आकडा कमी असेल तो. तुमच्या ४२ चे दोन तृतीयांश २८ होतात, म्हणून २० लागू. हा आकडा हजर माणसांचा आहे, वर झालेल्या हातांचा नाही. पंक्तीत पानावर बसलेला माणूस जेवला नाही तरी पंक्तीत मोजला जातोच. ते आठ जण खुर्चीवर होते, हजेरी पुस्तकात त्यांच्या सह्या आहेत, म्हणून कोरममध्ये ते धरायचे. २३ हजर, कोरम पूर्ण. विरोधकांचा मुद्दा इथेच संपतो.

निदान वरवर पाहता संपतो. कारण मी असतो तर त्या २३ सह्यांकडे एकदा नीट पाहिलं असतं. आपल्याकडे रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतात, दाराशी हजेरी पुस्तक ठेवतात आणि जो येईल तो सही करतो. नवरा-बायको दोघांच्या नावावर फ्लॅट असतो, दोघंही सह्या करतात. गावी गेलेल्या वडिलांच्या जागी मुलगा येतो, तोही करतो. भाडेकरूची सही असलेलं पुस्तकही मी पाहिलंय. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २७ प्रमाणे सभासदाला एकच मत, तेही स्वतः हजर राहून. प्रॉक्सी चालत नाही. शेअर संयुक्त नावावर असेल तर पहिलं नाव असलेल्याला मताचा अधिकार, तो नसेल तर दुसऱ्याला. म्हणजे एका फ्लॅटमधून दोघं आले तरी मोजायचा एकच. तुमच्या २३ सह्यांमध्ये दोन जोडपी आणि वडिलांच्या जागी आलेले दोन मुलगे निघाले, तर खरे हजर सभासद १९. मग कोरमचा प्रश्न खरोखर उभा राहतो, पण तो तटस्थांमुळे नव्हे. हेच गाळण मतांनाही लावा. त्या नऊ हातांपैकी एखादा हात सभासद नसलेल्याचा असेल तर तो वजा होतो.

दुसरा कागद नोटिशीचा. तिच्या शेवटी बहुतेक एक ओळ सापडेल: "कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच दिवशी त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस कोरमची आवश्यकता राहणार नाही." ही ओळ सगळ्या सोसायट्या डोळे झाकून छापतात, पण तिचा परिणाम मोठा आहे. दहाची सभा, साडेदहापर्यंत २० जण जमले नाहीत, अध्यक्षांनी सभा तहकूब करून पुन्हा सुरू केली, तर त्या तहकूब सभेला कोरम लागतच नाही. मग २३ असोत, १५ असोत की ७. ठाण्यात साडेदहाच्या आत कोरम भरलेली सभा मी क्वचितच पाहतो. तेव्हा तुमची सभा मूळ वेळेवर सुरू झाली होती की तहकूब होऊन, हे इतिवृत्ताच्या पहिल्या दोन ओळींत पाहा. तहकूब होऊन झाली असेल तर कोरमवरची सगळी चर्चा व्यर्थ आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. सभासदांनी मागणी करून बोलावलेली विशेष सभा असेल (कलम ७६ प्रमाणे एक पंचमांश सभासद अशी लेखी मागणी करू शकतात), तर अर्ध्या तासात कोरम न झाल्यास ती तहकूब होत नाही, बरखास्त होते. लिफ्टची सभा कमिटीने स्वतः बोलावली असणार, म्हणून तुम्हाला हा अपवाद बहुधा लागू नाही. पण "विशेष सभा" एवढंच वाचून लोक दोन्हींची सरमिसळ करतात.

आता चेअरमनसाहेबांची मूकसंमती. असा काही प्रकार सभेच्या नियमांत नाही. तटस्थ सभासदाचं मत बाजूने धरता येत नाही, विरोधातही धरता येत नाही. इतिवृत्तात ९, ६ आणि तटस्थ ८ असे तीन आकडे वेगवेगळे यायला हवेत. "१७ विरुद्ध ६" ही नोंद खोटी आहे, आणि उद्या कुणी प्रकरण पुढे नेलं तर सगळ्यात आधी याच ओळीवर बोट ठेवलं जाईल. चांगला ठराव वाईट इतिवृत्तामुळे अडकल्याची उदाहरणं आमच्या धंद्यात भरपूर.

मग ९ विरुद्ध ६ ने ठराव पास झाला का? इथे तिसरा कागद लागतो, तुमच्या सोसायटीचे नोंदणीकृत उपविधी. नेटवरून उतरवलेले नकोत; सोसायट्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी निबंधकांचा शिक्का असलेली स्वतःची प्रत काढा. जुन्या सोसायट्यांकडे जुनी प्रत असते आणि सुधारित उपविधी स्वीकारल्याचा ठराव कधी झालेलाच नसतो. त्यात सभेचे निर्णय कसे घ्यायचे हे सांगणारं वाक्य शोधा. "हजर असलेल्या सभासदांच्या बहुमताने" असं असेल, तर २३ पैकी किमान १२ हवेत. ९ ने भागत नाही, ठराव नापास. तुमचे आठ जण अशा वेळी विरोधकांच्याच पारड्यात पडले, त्यांना तसं करायचं नसलं तरी. "हजर राहून मतदान करणाऱ्या सभासदांच्या बहुमताने" असं असेल, तर तटस्थ हिशेबातूनच बाहेर. मतं पडली १५, त्यातली ९ बाजूने, ठराव पास. उपविधीत दोन्हींपैकी काहीच स्पष्ट नसेल, तर सभांची सर्वसाधारण रीत पडलेल्या मतांचं बहुमत मोजण्याची आहे, म्हणजे पुन्हा पास.

तटस्थ राहण्याचा सगळा खेळ या एका वाक्यावर आहे. कोरमच्या हिशेबात तटस्थ सभासद सभा चालवणाऱ्याला मदतच करतो, कारण तो हजेरी भरतो. मताच्या हिशेबात तो कधी शून्य असतो, कधी विरोधी. कोणता, हे बहुमत कशाचं मोजायचं यावर ठरतं: पडलेल्या मतांचं, हजर माणसांचं, की एकूण सभासदांचं.

एकूण सभासदांचं मोजायचं असतं तिथे परिणाम सगळ्यात जास्त जाणवतो, आणि ठाण्यात सध्या त्याचं कारण बहुतेक वेळा पुनर्विकास. कलम ७९(अ) खाली शासनाने आधी ३ जानेवारी २००९ ला आणि मग ४ जुलै २०१९ ला निर्देश काढले. २०१९ च्या निर्देशांत पुनर्विकासाच्या विशेष सभेला एकूण सभासदांच्या दोन तृतीयांशांचा कोरम आहे. इथे "किंवा २०" ही सवलत नाही. मंजुरीसाठी एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्के लागतात. समजा नौपाड्यातली ६० सभासदांची जुनी इमारत आहे. कोरम ४०. सभेला ४५ आले, उत्साहाचं वातावरण, मतदान झालं: बाजूने २९, विरोधात ६, तटस्थ १०. टाळ्या वाजतात, कुणीतरी पेढे मागवतो. पण ६० चे ५१ टक्के म्हणजे ३१ मतं हवीत, आणि आहेत २९. ठराव मंजूर नाही. ते दहा जण "आम्ही कुणाच्या विरोधात नाही" असं मनापासून म्हणत असतील, पण हिशेबात त्यांचं मत आणि त्या सहा जणांचं मत सारखंच. घरी झोपलेले १५ जणही त्याच रांगेत. तुमच्या सोसायटीत उद्या हा विषय आला तर लिफ्टच्या सभेचा अनुभव तिथे लावू नका. हे निर्देश बंधनकारक किती आणि मार्गदर्शक किती यावर मुंबई उच्च न्यायालयात बराच खल झालाय आणि न्यायालयाने ते मार्गदर्शक स्वरूपाचे असल्याचं म्हटलेलं आहे. तरी आकडा पाळलेला असणं हेच सुरक्षित. उंबरठ्यावरच्या मंजुरीवर बिल्डरशी करार करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उपविधी बदलायचे असतील तर पुन्हा वेगळं माप: हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. तिथे तटस्थ माणूस शून्य. ३० जण हजर, १२ तटस्थ, १२ बाजूने, ६ विरोधात असतील तरी उपविधीदुरुस्ती मंजूर होते. आणि कमिटीत अध्यक्षांविरुद्ध अविश्वास आणायचा तर कमिटीतल्या मतदानाचा हक्क असलेल्या एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश. ११ जणांच्या कमिटीत ८ मतं लागतात. तिथे गप्प बसणारा माणूस थेट अध्यक्षांना वाचवतो, आणि तो बऱ्याचदा हे पुरेपूर जाणून गप्प बसलेला असतो.

हा फरक फक्त सोसायट्यांपुरता नाही. संसदेत साधं विधेयक हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने मंजूर होतं आणि कोरम असतो सभागृहाच्या एक दशांशाचा. ३० जुलै २०१९ ला राज्यसभेत तिहेरी तलाकचं विधेयक ९९ विरुद्ध ८४ ने मंजूर झालं. २४५ जागांच्या सभागृहात ९९ म्हणजे निम्म्याच्या खूप खाली. सरकारच्या बाजूचे असूनही विधेयक मान्य नसलेले काही पक्ष विरोधात मत न देता बाहेर पडले, आणि तेवढ्याने बहुमताची रेषा खाली आली. विरोध नोंदवायचा होता त्यांना, झाली विधेयकाला मदत. राजकीय पक्ष हे समजून-उमजून करतात. सोसायटीतला सभासद करतो तेव्हा त्याला बहुधा कुणी सांगितलेलं नसतं.

नवी मुंबईतल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. वाशी, नेरूळकडच्या सिडकोने बांधलेल्या अनेक वसाहती सहकारी सोसायट्या नाहीतच. त्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खालच्या अपार्टमेंट मालकांच्या संघटना आहेत. तिथे डोकी मोजत नाहीत, घोषणापत्रात प्रत्येक अपार्टमेंटला लावून दिलेली टक्केवारी मोजतात, आणि "बहुमत" म्हणजे त्या टक्केवारीने ५१ टक्के किंवा जास्त मतं. साहजिकच तटस्थ राहणं आणि गैरहजर राहणं यांचा तिथे बहुमतावर परिणाम विरोधासारखाच. फलकावर "सोसायटी" लिहिलेलं असलं तरी आधी नोंदणीचा कागद पाहा. वर मी सोसायटीबद्दल लिहिलेलं तिथे जसंच्या तसं लावलंत तर गडबड होईल.

आता तुम्ही न विचारलेला, पण पुढच्या सभेत कुणीतरी सुचवणारच असा एक उपाय: "तटस्थ बसण्यापेक्षा उठून बाहेर जाऊ, कोरम तोडू." समजा तुमच्या आठांपैकी चार जण मतदानाआधी खरंच निघून गेले असते. उरले १९. ही खरी कोरमची अडचण, कारण हे हजरच नाहीत. पण त्याचा उपयोग किती? एक तर सभा तहकूब होऊन सुरू झालेली असेल तर काहीच नाही. मूळ वेळेची सभा असेल तर कुणीतरी त्याच वेळी उठून "हजर माणसं मोजा" अशी हरकत घ्यायला हवी आणि ती इतिवृत्तात यायला हवी. चार महिन्यांनी पत्र लिहून "तेव्हा आम्ही १९ च होतो" म्हटलं तर कोण सिद्ध करणार? हजेरी पुस्तकात तर २३ सह्या आहेत, आणि बाहेर जाताना सही खोडून कुणी जात नाही. अध्यक्षांच्या जागी मी असतो तर आकडा २० च्या खाली गेल्यावर मतदान घेतलं नसतं, सभा तहकूब केली असती. आणि तहकूब सभेत तोच विषय कोरमशिवाय येतो, तुम्ही बाहेर, आत फक्त लिफ्ट हवी असलेले. म्हणजे बाहेर पडून तुम्ही मिळवलं काय, तर थोडा उशीर.

कमिटीच्या बैठकीत मात्र आकडे लहान असल्याने ही बाब नाजूक होते. ११ जणांच्या कमिटीचा कोरम ६. बैठकीला सहाच आले आणि त्यातल्या एकाच्या मेव्हण्याचं लिफ्टचं कोटेशन टेबलावर आहे. तो म्हणतो, "मी या विषयावर तटस्थ." पब्लिक लिमिटेड कंपनीच्या संचालक मंडळात अशा हितसंबंधी संचालकाला त्या विषयापुरतं कोरममध्ये धरतच नाहीत. सोसायटीतही मी हीच पद्धत पाळायला सांगतो: त्याने हितसंबंध सांगावा, खोलीबाहेर जावं, आणि उरलेल्यांचा कोरम होत नसेल तर तो विषय त्या दिवशी घेऊ नये. तटस्थ राहून तिथेच बसला तर चर्चेवर त्याची सावली पडतेच, आणि ठरावाला कायमची पळवाट चिकटते.

मतं समसमान पडली तर काय, हेही कुणीतरी विचारेल. कलम २७ प्रमाणे अध्यक्षांना निर्णायक मत असतं. म्हणजे ८-८ आणि ७ तटस्थ अशी स्थिती आली, तर त्या सात जणांनी निर्णय अध्यक्षांच्या हाती देऊन टाकलेला असतो.

पुन्हा तुमच्याकडे येतो. तुम्ही पहिल्या मजल्यावर राहता, तुमच्याबरोबर तटस्थ राहिलेले बहुतेक तळमजला-पहिला मजलावालेच असणार, असा माझा अंदाज आहे. "लिफ्ट आम्ही वापरत नाही, पण वरच्या म्हाताऱ्या माणसांना नाही कसं म्हणायचं" ही अडचण मला समजते. पण ठराव कायदेशीररीत्या मंजूर ठरला तर तटस्थ राहिलेल्यालाही ६० हजार भरावेच लागतील. लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांवर सारखा पडतो, वापरा अथवा न वापरा, हे आदर्श उपविधींतच आहे. तुमचा आक्षेप लिफ्टला नसून रकमेला किंवा एकाच कोटेशनला असेल, तर त्यासाठी तटस्थ राहणं हे चुकीचं हत्यार होतं. सभेत उपसूचना मांडायची असते: "तीन कोटेशन मागवावीत, रक्कम चार हप्त्यांत घ्यावी, मग मतदान." तिला एक अनुमोदक लागला असता, आणि तुम्ही आठ जण होतात.

अजून वेळ गेलेली नाही, कारण इतिवृत्त मसुद्यातच आहे. सेक्रेटरींना एक साधं पत्र द्या, पोच घ्या. त्यात तीनच गोष्टी मागा. इतिवृत्तात बाजूने ९, विरोधात ६, तटस्थ ८ असे आकडे नोंदवावेत आणि "१७" काढावा. सभा मूळ वेळेला सुरू झाली की तहकुबीनंतर, आणि तेव्हा प्रत्यक्ष हजर सभासद किती, हे लिहावं. निर्णय उपविधीच्या कोणत्या क्रमांकाखाली मंजूर धरला, तो क्रमांक द्यावा. तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर लिहायला बसल्यावर कमिटी स्वतःच उपविधी उघडेल, आणि "हजर सभासदांच्या" असं वाक्य निघालं तर विषय पुन्हा सभेपुढे आणण्यावाचून तिला गत्यंतर नाही. उत्तरच आलं नाही तर उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. ठरावाची वैधताच आव्हानित करायची असेल तर कलम ९१ खाली सहकार न्यायालय. पण ४२ घरांच्या सोसायटीने लिफ्टवरून न्यायालयात जावं असं मी तरी सुचवणार नाही. ४२ पैकी ९ मतांवर २५ लाखांचं काम काढणं कायद्यात बसलं तरी वसुलीच्या वेळी जड जाईल, हे चेअरमनसाहेबांना शांतपणे सांगा. तीन कोटेशनसह नवी सभा बोलावणं त्यांनाही स्वस्त पडेल.

आणि पुढच्या सभेला जाताना उपविधींची ती प्रत खिशात ठेवा. मतदान सुरू होण्याआधी उठून विचारा, "बहुमत हजर सभासदांचं मोजणार की पडलेल्या मतांचं?" उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. मग हात वर करायचा की नाही ते ठरवा.